बारदान किती धरायचं?

टीव्हीकडे पाठ आणि बघणाऱ्यांकडे तोंड करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे घरमालक होते. गंगाखेडला त्यांच्या दोन खोल्यांत मी नऊ वर्षं राहिलो आणि नऊच्या नऊ वर्षं त्यांचा हेवा केला. ते जाऊनही आता बराच काळ लोटला, पण हेवा काही कमी होत नाही.

ते मोंढ्यात मापाडी होते. शेतकऱ्याचं धान्य बाजारात आलं की काट्यावर चढवायचं, वजन मोठ्यानं सांगायचं, पोतं उतरवायचं, पुढचं चढवायचं. जन्मभर हेच केल्यानं त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. शिक्षण निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत, तेही उर्दूतून. मराठी पेपर ते एकेक अक्षर बोटानं दाबत वाचायचे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मोजताना मापाडी 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मामांची ही सवय मोंढ्याबाहेरही सुटलेली नव्हती. आंघोळीचे तांबेसुद्धा ते 'लाभ, दोन, तीन' असे मोजून घ्यायचे, आणि मी भिंतीपलीकडून ते ऐकत दाढी करायचो.

मी मराठीचा एम.ए. हायस्कूलवर शिक्षक. विनोद हा माझा प्रांत, असं माझं मत होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी मी एक प्रहसन लिहायचो, बसवायचो, आणि पडद्यामागं उभा राहून कुणी हसतंय का ते कान देऊन ऐकायचो. मुख्याध्यापक तेवढे हसायचे, तेही भलत्याच ठिकाणी.

आणि हे मामा! दारातून आत आले, कोपऱ्यातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, जरा वरखाली केला आणि म्हणाले, "दहावी ब ना सर? अडीच किलो. मागल्या साली तीन भरल्या व्हत्या. पोरं कमी लिवायलेत का तुमी कमी शिकवायलेत?"

आत स्वयंपाकघरात माझी बायको पोळपाटावर लाटणं टाकून हसत सुटली. मला तिचं ते हसू ठाऊकच नव्हतं. माझ्या विनोदाला ती 'हं' म्हणायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत मी किती 'हं' गोळा केले असतील त्याचा हिशोब नाही. मामा मात्र कलिंगड उचलोत, शेजारचं लेकरू उचलोत की निवडणुकीच्या पत्रकांचा गठ्ठा उचलोत, एक वाक्य बोलायचे आणि गल्ली डोलायची. पत्रकांचा गठ्ठा उचलून ते एकदा म्हणाले होते, "शाई लय वापरलीय. कागद बिचारा हलकाच हाय." हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी तिथंच उभा होतो, गठ्ठा माझ्याच हातातून त्यांनी घेतला होता.

मग मी टीव्ही घेतला. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. गल्लीत कुणाकडे टीव्ही नव्हता. लोक आपल्याकडे येतील, आपण मध्ये बसू, अधूनमधून एखादी टिप्पणी करू, लोक हसतील. परभणीहून गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन तो मी गाडीतून आणला. अँटेना मामांच्याच माळवदावर उभी केली. खिडकीत अंगणाकडे तोंड करून संच ठेवला आणि बायकोनं सतरंज्या अंथरल्या.

त्या काळात शुक्रवारी रात्री, शेवटच्या बातम्या संपल्या की, राजकीय थट्टेचा एक अर्धा तासाचा कार्यक्रम लागायचा. दोन नट, एक खुर्ची, एक हार. नाव कुणाचंच घ्यायचे नाहीत, सगळं 'मंत्रीमहोदय' आणि 'विरोधी पक्षाचे मित्र' यांवर चालायचं. पण चालणं, खाकरणं, टोपी सारखी करणं यावरून कोण ते शेंबड्या पोरालाही कळायचं. पडद्यावर मुंग्या असायच्या, वारा सुटला की मंत्रीमहोदयांचं डोकं एकीकडे आणि धड एकीकडे व्हायचं. तरी मोंढ्यातले हमाल, शाळेतले दोनतीन मास्तर, शेजारच्या बाया, सगळे जांभया आवरत त्या वेळेपर्यंत जागे राहायचे.

पहिल्याच शुक्रवारी मामा आले, खिडकीखाली बूड टेकलं आणि टीव्हीकडे पाठ करून लोकांकडे बघत बसले.

मी म्हटलं, "मामा, इकडे तोंड करा की. दिसणार कसं?"

"ऐकू येतंय की," ते म्हणाले. "त्येंना काय बघायचं? ते तर रोजचेच हायेत. मी ह्येंना बघायलोय."

आणि अर्धा तास ते तसेच बसले. एकदाही हसले नाहीत. फक्त ओठ हलत होते. लाभ, दोन, तीन. मला वाटलं, हे हसणारे मोजतायत. कार्यक्रम संपला, मी गळा साफ केला, कारण मी एक टिप्पणी तयार ठेवली होती. पण उठायच्या तयारीतला एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. सगळे मामांकडे बघत होते. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "मंत्री खुर्चीवरनं पडला तवा लय हसलात. उद्या सकाळी त्यो आला की खुर्ची पुसायला तुमीच पळणार." झालं. अंगणात नुसता कल्लोळ. माझी टिप्पणी माझ्यापाशीच राहिली. ती चांगली होती. आजही मला ती चांगलीच वाटते.

पुढं तर असं झालं की टीव्ही लावायच्या आधी लोक विचारायचे, "मामा आले का?" संच माझा, वीज माझी, सतरंज्या माझ्या, आणि चौकशी मामांची. कार्यक्रम बरा नसला तरी लोक शेवटपर्यंत थांबायचे, मामांच्या त्या एका वाक्यासाठी. मी बायकोला म्हटलं, "सारखं सारखं एवढं काय हसतेस? त्यात विनोद कुठंय?" ती म्हणाली, "तुम्हाला कळत नाही का कळून घ्यायचं नाही?" हे ती हसत म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मामा हसणारे मोजत नव्हते, हे मला वर्षभरानं कळलं. नामांतराचं तेव्हा पुन्हा पेटलं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन चहाच्या किटल्या झाल्या होत्या, एक इकडच्यांची, एक तिकडच्यांची. एका शुक्रवारी टीव्हीवर मंत्रीमहोदय आले, एका हातात जुनी पाटी, दुसऱ्या हातात नवी. ज्या गावात जातील तिथं समोर कोण बसलंय बघून एक पाटी पुढं करायची, दुसरी पाठीमागं लपवायची. शेवटी पाट्यांची अदलाबदल होते आणि फजिती. विनोद चांगला होता. पण अंगणात कुणी हसलं नाही. हमालांनी विड्या काढल्या, मास्तरांना एकदम घड्याळं आठवली, मी अँटेनेकडे बघितलं. आमच्या शाळेचा शिपाई वस्तीतला होता, तो नेहमी दाराच्या उंबऱ्यापाशी बसायचा. तो तेवढा हसला, आणि आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन मध्येच थांबला.

मामांचे ओठ हलत होते. उठताना ते काहीच बोलले नाहीत. लोक गेल्यावर मी विचारलं, "आज कुणी हसलंच नाही, तरी काय मोजत होता?"

"मी गप बसलेले मोजत असतोय सर," ते म्हणाले. "हसणाऱ्याला काय मोजायचं? लांबच्या माणसावर कोणबी हसतंय. विनोद आपल्या गल्लीत शिरला की कोण गप बसतंय, ते खरं वजन."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी त्या शिपायाचा हात धरला आणि त्याला सतरंजीवर अगदी पुढं आणून बसवलं. "हितून नीट दिसतंय," एवढंच म्हणाले. एकदोघं कुरकुरले, जरा सरकले, पण मामांपुढं बोलणार कोण? मी त्या शिपायाबरोबर चार वर्षं एका शाळेत काम करत होतो. नामांतराच्या बाजूच्या किटलीतला चहा मी प्यायचो आणि वर भाषणंही द्यायचो. पण सतरंजी माझी असून त्याला त्यावर बसवायचं मला सुचलं नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही. लाज वाटली म्हणून नाही आली, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला वाटत राहिलं, हेही ह्यांनीच करायचं का?

आता राणीसावरगावची गोष्ट सांगायला हवी.

राणीसावरगाव माझी सासुरवाडी. तिथं एका पुढाऱ्याची गूळतुला होती. पुढाऱ्याला काट्याच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा ठेवायच्या, पारडी सारखी झाली की टाळ्या आणि हार. मोठा काटा गंगाखेडच्या एका आडत्यानं दिला होता आणि काट्याबरोबर मामांनाही ट्रॅक्टरवर घालून तो स्वतः घेऊन आला होता. मी आणि बायको सुट्टीला तिथंच होतो, म्हणून बघायला गेलो. पुढाऱ्यानं आधी भाषण केलं. सकाळी वस्तीत तो नामांतर झालंच पाहिजे म्हणाला होता. इथं पारावर, लोकभावनेचा आदर झालाच पाहिजे म्हणाला. मग हारांसकट, शालीसकट, फेट्यासकट पारड्यात जाऊन बसला. मामांनी ढेपा चढवल्या. काटा स्थिर झाला. वजन पुकारायचं म्हणून आयोजकानं मामांच्या तोंडापुढं माइक धरला.

मोंढ्यात पोतं तोललं की रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून वजा करतात. त्याला बारदान म्हणतात. मापाडी ते दर वेळी विचारतो. मामांनी काट्याकडे बघितलं, पुढाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रोज विचारतात त्याच आवाजात माइकवर विचारलं, "बारदान किती धरायचं?"

मग जे हसू फुटलं ते सांगता येत नाही. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पारावरचे म्हातारे खोकत हसत होते. पुढाऱ्याचे कार्यकर्ते एकमेकांच्या आड तोंड लपवून हसत होते. माझ्या बायकोनं तर माझा दंडच धरला, पडू नये म्हणून. पुढारी पारड्यात बसल्या बसल्या हात जोडून हसत होता, कारण त्याला दुसरं काय करावं ते कळेना.

हसू ओसरलं तेव्हा मामा लोकांकडे वळले. माइक अजून तोंडापुढंच होता. "हसलात ना?" ते म्हणाले. "आता सांगा, पोतं भरलं कुणी?"

तेव्हा मात्र सगळा पार गप झाला. आयोजकानं माइक काढून घेतला. मामा शांतपणे ढेपा उतरवू लागले, आणि त्यांचे ओठ हलत होते.

ही गोष्ट मी तीन वर्षं मनात बाळगली. ती मला टोचत राहिली. त्या कार्यक्रमाच्या शेवटी नेहमी एक पाटी यायची, प्रेक्षकांनी आपले प्रसंग लिहून पाठवावेत म्हणून. मी आठ प्रसंग पाठवले होते, आठही आपल्याच तैलबुद्धीतले. एकाचंही उत्तर आलं नाही. नवव्या वेळी मी गूळतुला लिहिली. पुढारी, पारडं, ढेपा, मापाडी, आणि 'बारदान किती धरायचं?' तिथं पडदा. मामांचं पुढचं वाक्य मी लिहिलं होतं. मग खोडलं. ते वाक्य असलं की शेवटी लोक गप बसतात, आणि मला लोक हसायला हवे होते. खाली माझं नाव घातलं. मामांचं कुठंच घातलं नाही. बायकोला मी पाकीट दाखवलं नाही.

दीड महिन्यानं पत्र आलं. प्रसंग निवडला होता, तारीख दिली होती.

इथं मी जी चूक केली तिला नाव नाही. शहाणा चोर गप बसतो. मी सगळ्या गंगाखेडला आमंत्रण दिलं. मुख्याध्यापक, दोन्ही किटल्या, बँकेचे मॅनेजर, सगळा मोंढा. तो काटा देणारा आडत्या दिवेलागणीलाच झोपणारा माणूस, आमच्या अंगणात कधीच न आलेला. त्यालाही मी दुकानात जाऊन हात जोडून बोलावलं. आपली कीर्ती ऐकायला एकही कान कमी पडू नये, एवढाच विचार डोक्यात होता.

त्या शुक्रवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मामा आपल्या जागी, खिडकीखाली, टीव्हीकडे पाठ करून. माझं नाव पडद्यावर आलं, मुंग्यांसकट आलं, टाळ्या पडल्या. मग पारडं आलं. बायको दारात उभी होती. पारडं दिसलं आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

नटानं ते वाक्य छान म्हटलं. मामांइतकं नाही, पण छान. अंगण फुटलं. मुख्याध्यापक पहिल्यांदा बरोबर ठिकाणी हसले. माझ्या पाठीवर थापा पडायला लागल्या. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते सगळं एकदम पदरात पडत होतं, आणि तेवढ्यात आडत्याचा आवाज आला.

"आरं पण हे तर मामांचं हाय! राणीसावरगावात माझ्याच काट्यावर म्हनले व्हते की! काय मामा?"

हसू होतं तिथंच थांबलं. सगळ्या माना खिडकीखाली वळल्या. 

मामांनी आडत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फार वेळ बघितलं नाही. "न्हाई शेटजी," ते म्हणाले. "ते सरांनीच मला शिकवलतं. जायच्या आधी म्हनले, मामा, आसं इचारून बगा, गंमत येतीय. मी नुसता बोललो. चौथी शिकल्याला मानूस, मला कुठलं सुचायलंय?"

"आस्सं व्हय!" आडत्या म्हणाला, आणि माझ्यासाठी पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. बायको आत निघून गेली.

सकाळी मामा नळावर भेटले. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनीच विचारलं, "सर, दुसरं कुठं गेलं?"

"दुसरं काय?"

"पोतं भरलं कुणी, ते."

त्या वेळीही मला खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "मुंबईवाल्यांनी कापलं असेल. वेळ कमी असतो त्यांना."

"आसं हाय का?" ते म्हणाले. "मंग ठीक हाय. मला वाटलं तुमी कापलं." बादली उचलली आणि आत गेले. त्यांना खरं ठाऊक होतं की नाही, असा प्रश्न मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारून बघितला. ठाऊक होतं.

मला वाटलं होतं, ते रागावतील, मला खोली सोडायला सांगतील. मग मला त्यांच्यावर चिडता आलं असतं. ते चिडलेच नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी मोंढ्यात सगळ्यांना सांगत फिरले की आमचे सर टीव्हीवर आले. ज्याचं चोरलं तो असा मोकळा, आणि चोरलेलं घेऊन मी असा कुढत बसलेलो. हेवा करायचा तरी किती गोष्टींचा?

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. मामा काही बोलले की लोक हसायचे आणि माझ्याकडे बोट करायचे. "हेबी सरांनीच शिकवलं असंल!" मामा मान हलवून 'व्हय' म्हणायचे. जुनी वाक्यंही माझ्या नावावर चढू लागली. उत्तरपत्रिकांचं अडीच किलो माझं झालं, पत्रकांची शाई माझी झाली. मी रस्त्यानं निघालो की पानपट्टीवरचे लोक मी काही बोलायच्या आधीच दात काढायचे. हळूहळू मामा शुक्रवारी काही न बोलता उठून जाऊ लागले. मला वाटतं, त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते माझ्या बायकोला. ती आता कुणाच्याच बोलण्यावर हसत नव्हती.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या हिवाळ्यात मामा गेले. काट्यावर पोतं चढवताना बसले ते उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मोंढ्यातच शोकसभा ठेवली. पोत्यांच्या थप्प्या बाजूला सारून सतरंज्या टाकल्या होत्या. हमाल बोलले, आडत्या बोलला. आडत्या म्हणाला, मामा भाग्यवान, त्यांना असा हुशार भाडेकरू मिळाला, नाहीतर मापाड्याच्या तोंडाला एवढं वळण कुठलं यायला. मामी समोरच बसल्या होत्या, शेजारी माझी बायको. मामींनी पदर डोळ्यावर ओढला.

मी रात्रभर ठरवून आलो होतो. दोनच वाक्यं सांगायची होती. एक त्यांचं होतं आणि मी चोरलं. दुसरंही त्यांचंच होतं आणि मी खोडलं. माझं नाव पुकारलं तसा मी उठलो आणि लोकांपुढं जाऊन उभा राहिलो.

मी उभा राहिलो आणि पुढच्या रांगेतला एक हमाल गालात हसला. त्याच्या शेजारचा हसला. शोकसभा आहे म्हणून हात तोंडावर धरले, पण एकाचं बघून दुसरा, असं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. सर आता काहीतरी बोलणार. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. मामांना बघून लोक हसायचे अगदी तसे ते मला बघून हसत होते, आणि मला ते इतकं गोड लागलं की काय सांगू.

"मामा फार चांगले होते," मी म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. घरी पोचेपर्यंत बायको माझ्यापुढं दहा पावलं चालत होती. मी हाक मारली, तिनं मागं बघितलं नाही.